चादर हलते तिथे

औषधवाल्या काकांचं म्हणणं, ती स्वयंपाकीणबाई मुळात मेलेलीच नव्हती. डॉक्टरने तिला जिवंतपणीच झाकलं, म्हणजे तोच खुनी आहे, हे दिग्दर्शकाने तिथेच सुचवून ठेवलंय. हे ऐकून रीळवाल्याने कपाळाला हात लावला.

आमच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी हे चालायचं. आम्ही तीन-चार रिकामटेकडे जुने भयपट बघायचो आणि मग कीस काढत बसायचो. भुताला भिंतीतून जाता येतं, मग ते दार कशाला ठोठावतं? पहिल्या प्रसंगातला कुत्रा पुढे गेला कुठे? तळघरात उतरताना एकालाही दिवा लावायचं का सुचत नाही? माझी आई कोपऱ्यात मशीनवर चष्म्यांच्या पिशव्या शिवत असायची. तिला या सिनेमांचं काडीचं कौतुक नव्हतं. तरुणपणी ती एका स्टुडिओत कपडे शिवायला होती, एवढंच मला ठाऊक.

त्या दिवशी निघालेला विषय आमचा लाडका होता. बंगल्यातली जाडी स्वयंपाकीणबाई मरते, डॉक्टर तिच्या तोंडावर चादर ओढतो, स्वतःचा चष्मा काढतो आणि बाईच्या पोटावरची चादर हलते. चांगली हलते. पुढे अख्ख्या सिनेमात त्या बाईचा पत्ता नाही. मग चादर हलली का, यावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केलीय.

रीळवाला जुन्या फिल्म साफ करणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. नेमका हाच सिनेमा सध्या त्याच्या टेबलावर होता. नवी प्रत थिएटरात लागायची होती. तो म्हणाला, आता वादच मिटवतो. साहेबांनी चुका काढायला सांगितल्यात, ते पोट मी संगणकावर थिजवूनच टाकतो.

आईचं मशीन थांबलं.

"ते नका काढू," ती म्हणाली. "ती मी आहे."

मग तिने सगळं सांगितलं. स्वयंपाकिणीचं काम करणारी नटी गार फरशीवर झोपायला तयार होईना. चादर ओढल्यावर तोंड झाकलेलंच होतं, प्रेत फक्त जाडं हवं होतं. आईला सहावा महिना होता, तेव्हा काम जमून गेलं.

"श्वास धरून पड म्हणाले, पडले मी. आतल्याला कोण सांगणार?"

काका हसले. मीही हसले आणि म्हटलं, म्हणजे भयपटात मी जन्माआधीच झळकले की. आई म्हणाली, तू नाही, तुझ्याआधीचा. तो जन्मला, पण रडलाच नाही. घरच्यांनी तिला त्याचं तोंडही दाखवलं नाही आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही असं ठरलं.

"मला दिसायचा तर तेवढाच दिसतो," ती म्हणाली.

मला आधी रागच आला. सगळ्या भावंडांची ताई म्हणून मी जन्मभर मिरवले, आणि एकाने म्हणून मला हे सांगू नये? पण भांडणार कोणाशी? मी एक चष्मा उचलून त्याची स्वच्छ काच पुसत बसले.

रीळवाल्याची मात्र पंचाईत झाली. प्रत साहेब स्वतः तपासतात, शब्द देत नाही, असं पुटपुटत तो चहा न घेताच उठला. पुढचे काही रविवार तो फिरकला नाही.

नवी प्रत लागली तशी मी आईला दुपारच्या खेळाला घेऊन गेले. तिने ठेवणीतले कपडे घातले होते. पडद्यावर डॉक्टर वाकला. त्याने चादर ओढली, चष्मा काढला. शेजारी आईने श्वास धरला होता.

चादर हलली.

मागच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, बघ, एवढी साफ केली तरी ही चूक राहिलीच. मला राहवलं नाही. मी मागे वळले.

"चूक नाही ती. माझा दादा आहे."

बिचारा वरमला. पडद्यावर तेव्हा डॉक्टर उभा होता. त्या माणसाला वाटलं, मी त्या नटाबद्दलच बोलतेय.

"हो का? छान काम केलंय त्यांनी," तो म्हणाला.

"हो," आई पडद्याकडे बघतच म्हणाली.