मोठं इंजिन

छोटूने सिलिंडरच्या आतून नख फिरवलं. वरच्या काठाशी ते अडकलं. झीज होती, पण हाताबाहेरची नव्हती. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवून मोठे पिस्टन टाकले आणि वर टर्बो बसवला, तर पिकअपचं हेच इंजिन पूर्वीपेक्षा दीडपट ओढेल, असं त्याने हात पुसत वडिलांना समजावून सांगितलं.

नाना स्टुलावर बसून ऐकत होते. मागच्या आठवड्यात टेकडीवरच्या बांधकामाला फरशा पोचवताना त्यांची पिकअप निम्म्या चढावर धापा टाकत बंद पडली होती. चाकांखाली दगड लावेपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला होता : गाडीत ताकद हवी.

छोटूचं सांगून झालं. नानांनी मान डोलावली आणि दाराकडे वळून विचारलं,

"तुमचं काय म्हणणं?"

दारात दाजी उभे होते, छोटूच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रस्ता रुंदीकरणात त्यांचं स्वतःचं गॅरेज गेलं आणि ते ताईला घेऊन सासऱ्यांच्या माडीवर राहायला आले. त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नव्हता. छोटूच्या गॅरेजचा उंबरा तर ते कधी ओलांडतच नसत.

"हे चालेल," दाजी सावकाश म्हणाले, "पण चढावर सारखं जिवावर उदार होऊन ओढेल. भंगारात एका लहान ट्रकचं इंजिन आलंय. मोठं आहे. त्याला घाम फुटायचा नाही."

"मग तेच बघू," नाना म्हणाले आणि उठले.

छोटूने पाना जागेवर ठेवला, मग उचलून पुन्हा ठेवला. चाळिशी उलटली, गॅरेजवर स्वतःची पाटी लागली, तरी घरात आणि बाजारात तो छोटूच होता. 'तुझं काय म्हणणं' असं नानांनी त्याला आजवर विचारलं नव्हतं. काय करायचं ते नाना सांगत, आणि हा करत असे.

इंजिन आलं. काम छोटूच्याच गॅरेजमध्ये करायचं ठरलं, कारण दाजींना जागा नव्हती. पहिल्या दिवशी दाजींच्या हातून नट दोनदा निसटून खाली पडला. पुढे मात्र हात बसला. इंजिन बसवायला चेसिसवर नवे ब्रॅकेट हवे होते. ते त्यांनी स्वतः मापून कापले. छोटूकडे आलेली गिऱ्हाइकं दाजींभोवती रेंगाळू लागली. नाना चहा घेऊन येत आणि पहिला कप दाजींना देत. छोटूने आपला नवा पान्यांचा संच कपाटात घालून कुलूप लावलं. दाजींनी मागितला तर चावी घरी राहिली म्हणून सांगायचं त्याने ठरवूनही टाकलं होतं. दाजींनी मागितला नाही.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. दाजींनी पिकअपचा जुना रेडिएटर साफ करून तसाच बसवला होता. भरल्या गाडीने टेकडी चढताना एवढं मोठं इंजिन त्या रेडिएटरने थंड राहणं शक्य नव्हतं. निम्म्यात पाणी उकळणार, बॉनेटमधून वाफ निघणार, आणि नानांना मागे वळून छोटूकडे बघावं लागणार. छोटूने तोंडात मिठाची गुळणी धरली. त्या रात्री त्याला दोन घास जास्त गेले.

चाचणीच्या आदल्या दिवशी ताई डबा घेऊन आली. दाजी बॉनेटमध्ये अर्धे वाकले होते. ती छोटूशेजारी उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.

"परवा मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर ओरडले," ती म्हणाली.

"मग?"

"बरं वाटलं रे. इतके दिवस वाढलेलं खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे."

डबा त्याच्या हातात देत ताई हळू आवाजात म्हणाली, "नाना सांगत होते, छोटूचं इंजिनही चाललं असतं. पण छोटू रुसला तरी उद्या गॅरेज उघडेल, जावयांना मात्र उठवायला काहीतरी हवं होतं."

ते ऐकून छोटूचा राग निवळायला हवा होता, तो वाढला. आपलं बरोबर होतं हे नाना सगळ्यांना सांगणार, आपल्याला सोडून. तो न जेवताच कामाला लागला.

दुपारी दाजी बोल्ट आणायला बाजारात गेले. छोटू पिकअपसमोर उभा राहिला. ताईचं 'बरं वाटलं रे' कानातून जाईना. मग त्याने मागच्या खोलीतून मोठा रेडिएटर ओढत आणला, जुना काढला आणि नव्यासाठी पट्ट्या वेल्ड केल्या. दाजी परतले तेव्हा तो शेवटचा पाइप आवळत होता.

"जुना गळत होता," वर न बघता तो म्हणाला.

दाजींनी जमिनीवरचा जुना रेडिएटर उचलला, उलटा केला, उजेडाकडे धरला. मग तो भिंतीला टेकवून ठेवत ते म्हणाले, "हो. गळत होता."

दुसऱ्या दिवशी नाना चालवायला बसले, शेजारी दाजी, आणि छोटू मागे फरशांवर. निम्मा चढ आला तसा छोटूने फळीची कड घट्ट धरली. गाडी न कुरकुरता वर गेली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही, हे नानांनी गाडीतून उतरल्यावर दोनदा सांगितलं. मग ते दाजींना म्हणाले, "रेडिएटर मोठा टाकलात, फार बरं केलंत."

दाजींनी तोंड उघडलं आणि छोटूकडे पाहिलं. छोटू दोरीची गाठ सोडत होता.

"दाजींच्याच लक्षात आलं ते," तो म्हणाला.

नानांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथून निघेपर्यंत छोटूला गाठ सुटेना. सुटली तेव्हा त्याने फरशी पुढे ओढली. दोघांनी उचलायची फरशी होती ती. दाजी आले आणि त्यांनी दुसरी बाजू धरली.

"सोडा, मी नेतो," छोटू म्हणाला.

दाजींनी सोडली नाही.