सोनामावशीच्या नावावरची कविता

धुके आधी येई, आणि मग त्याच्या आतून किसनचा आवाज. वलवणच्या धरणावरून वर सरकणारा तो ओला पांढरेपणा वस्तीतल्या बुद्धविहाराची पायरी गिळी, मग समोरचा दगड गिळी, आणि दगडावर कोणी चढले आहे हे केवळ एका खोकल्यावरून कळे. खोकला कोरडा, दबलेला. परक्या घराच्या कडीवर हात ठेवून माणूस क्षणभर थांबतो, तसा. त्यानंतर कविता सुरू होई.

किसन हे त्याचे खरे नाव नव्हे. सत्तर सालानंतरची ती पहिली वर्षे होती, मी पुण्याच्या एका दैनिकाला लोणावळ्याच्या बातम्या पाठवत असे, आणि पहिल्याच भेटीत त्याने बजावले होते, "पेपरवाले, नाव न्हाई लिवायचं. कुटंच न्हाई." तो शब्द इथेही पाळला आहे.

श्रावणातल्या रविवारी दुपारी वस्तीत कवितेची बैठक भरे. शाळेत शिकवणाऱ्या विमलबाईंनी ती सुरू केली होती. ज्याला बोलायचे त्याने दगडावर चढावे, नाव कोणी विचारू नये, एवढाच नियम. चिक्कीच्या कारखान्यातल्या बाया येत, बंगल्यांचे माळी येत, रेल्वेच्या गँगमधली माणसे येत. इरली विहाराच्या भिंतीला टेकवून ओल्या अंगाने बसत. सुरुवातीला बाई अमेरिकेतल्या काळ्या कवींची एखादी कविता मराठीत करून वाचत. "आपल्यावानीच हाय की," असे कोणीतरी पुटपुटे, आणि सातासमुद्रापलीकडचा तो माणूस इरल्यांच्या रांगेत येऊन बसल्यासारखा वाटे.

एकदा बाईंनी वाचलेली कविता एका काळ्या पुरुषाने आपल्या प्रिय पुरुषासाठी लिहिलेली होती. बाईंचा स्वर हलला नाही. कोणी हसले नाही, कोणी मानही वळवली नाही.  बैठक उठल्यावर किसन बाईंच्या मागे चार पावले गेला.

"बाई, त्यो मानूस जिता हाय का मारला त्याला?"

"माहीत नाही रे किसन," बाई म्हणाल्या. "कविता मात्र आहे."

उत्तर ऐकताना त्याचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावरचा घट्टा चोळत होता. घाटात रूळ सांभाळणाऱ्या त्या हातांना भीतीच्या वेळी हीच एक हालचाल येत असे. जातीमुळे पडणारा मार त्याला लहानपणापासून ठाऊक होता. तो कोणत्या बाजूने येतो, कोणत्या वळणावर चुकवावा, हे वडिलांनी शिकवले होते. या दुसऱ्या माराबद्दल त्याला कोणी काहीच शिकवले नव्हते. गँगमध्ये एक सोबती होता, रूळ जखडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोडीने ठोकत पुढे चालणारा. किसनच्या सगळ्या कविता त्याच्यावर होत्या. हे बाहेर फुटले असते तर दोघांचे काम गेले असते, दोघांना घरांची दारे मिटली असती. पुढचे काय, याचा विचार तो अर्ध्यावर सोडून देई. म्हणून तो धुक्याची वाट पाही. धुके नसले की श्रोत्यांत बसून राही, मुका.

ज्या रविवारची ही गोष्ट, तोही धुक्याचाच होता. खोकला आला, कविता सुरू झाली:

तू पुढे हातोडी मारतोस,
रूळ मला तळपायात सांगतो,
आज तू दमला आहेस.

आणि वारा फिरला. धरणाकडून आलेल्या एका झोताने धुके चादर ओढावी तसे ओढून नेले, आणि वरच्या रस्त्यावर, काळ्या छत्रीखाली, गँगचा मुकादम उभा दिसला. किसनचे ओठ उघडेच राहिले. उजेड त्याच्या चेहऱ्यावर असा पडला की कानशिलावरची शीर मोजता यावी. अंगठा घट्ट्यावर फिरू लागला.

"कुनावरची रं कविता?" मुकादमाने वरून विचारले.

पहिल्या रांगेतून सोनामावशी गुडघ्यावर हात देऊन उठली. चिक्कीच्या कारखान्यात शेंगदाणे निवडणारी, दात पडलेली विधवा.

"माझ्या दादल्यावरची हाय. गँगमधीच व्हता न्हवं त्यो. मला लिवाया येत न्हाई, म्या सांगितली, ह्यानं लिवली."

"म्हातारे, त्यो मरून किती पावसाळं झालं!"

"मग? मेल्या नवऱ्यावर कविता करायची न्हाई, असा रेल्वेचा कायदा हाय व्हय?"

बायांत हशा पिकला. मुकादमही हसला, पण गेला नाही. छत्री खांद्यावर टेकवून म्हणाला, "वाच की मग. आईकू दे."

मावशी किसनकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "वाच रं. धुकं काय आमच्या कानात न्हवतं. आवाज कवाच वळखलाय आमी."

त्याने वाचले. प्रथमच भर उजेडात, ज्याची धास्ती त्याच्याच डोळ्यांदेखत, दुसरीच्या नावावर. शब्द थरथरत निघाले, मध्यावर सावरले; शेवटच्या ओळींत अंगठा थांबलेला होता. मावशीने पदर डोळ्यांना लावला. ते सोंग होते की तिलाही कोणाची हातोडी ऐकू आली, हे सांगता येणार नाही. मुकादम मान हलवत धरणाच्या वाटेने निघून गेला.

किसन पुन्हा दगडावर चढला नाही. वस्तीने ओळखले ते उद्या मुकादमही ओळखेल या धास्तीने, पावसाळा सरताच त्याने घाटापासून दूरची बदली मागून घेतली. तो कुठे गेला हे वस्तीत कोणी विचारले नाही, आणि तो सोबती चाव्या ठोकत एकटाच घाट उतरू लागला.

मावशी आता नाही. वस्तीत ती कविता अजून म्हटली जाते, आणि तिच्याच नावाने. कोणाची प्रीत कोणाच्या नावावर जिवंत राहावी, हे काळ विचारून ठरवत नाही. पण श्रावणात धुके दगडावर उतरले की बोलणारी माणसे आपोआप थांबतात, आणि एक कोरडा खोकला येईल म्हणून कान देतात.