‘घ्यावी’ आणि ‘नको’

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मेस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं होतं आणि मूठ कानाला लावली होती. इंजिनाच्या पोटात कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते असं ऐकायची त्यांची जुनी पद्धत. अशा वेळी गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही, पाना खाली टाकायचा नाही. फोन फ्यूजने घेतला. फ्यूज म्हणजे गॅरेजचा वायरमन आणि पस्तीस वर्षांपासूनचा भागीदार; त्याचं खरं नाव बँकेशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तो फोन हातात धरून समोर येऊन उभा राहिला. मेस्त्रींनी डाव्या हाताने ‘थांब’ अशी खूण केली. फ्यूज थांबला.

“तिसरं,” मेस्त्री शेवटी म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर खाली घेतला. “काय रे?”

कापडाच्या दुकानात बटणं निवडता निवडता ती खाली बसली होती. परत उठली नाही.

फ्यूजला थांबवून ठेवलेलं ते अर्धं मिनिट मेस्त्रींना पुढे कितीतरी दिवस पुरलं.

पाच आठवड्यांनी दुसरा फोन आला. शोरूममधल्या मुलीचा.

“काका, अभिनंदन! मॅडमची गाडी आली. मॅडम आहेत का?”

“नाहीत.”

“मग कधी फोन करू?”

मेस्त्रींनी सांगितलं.  मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, “सॉरी काका. मॅडम तीनदा आल्या होत्या. तिन्ही वेळा ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावा पाय नुसता लांब करून बघायच्या.” आणि मग, “शनिवारपर्यंत सांगा. नको असेल तर बुकिंगची पावती आणा. पैसे परत मिळतील, मी बघते.”

“नकोच आहे,” मेस्त्री म्हणाले. “पावती शोधतो.”

नको हे तर आधीपासूनच ठरलेलं होतं, निदान त्यांच्या बाजूने. उभा जन्म डिझेल इंजिनात हात घालून काढलेला माणूस, त्याच्या दारात विजेची सेडान म्हणजे हलवायाच्या घरी बाहेरची मिठाई. पण तिने मनावर घेतलं होतं. ती घरी कपडे शिवायची. शिलाई मशीन स्वयंपाकघरातच, खिडकीपाशी, ओट्याला लागून. गिऱ्हाइकांची मापं लिहायची एक जाड वही होती. त्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने मधोमध रेघ मारली, एका बाजूला ‘घ्यावी’ लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला ‘नको’. दोन महिने रोज सकाळच्या चहाला ते पान उघडायचं. ‘नको’ची बाजू मेस्त्री सांगायचे आणि ती इमानेइतबारे उतरवून घ्यायची.

“आठ-दहा वर्षांनी बॅटरी बसली की नवीन बॅटरीला गाडीच्या जवळजवळ निम्मे पैसे. लिही.”

“लिहिलं.”

“लांबच्या प्रवासाला निघालं की वाटेत तासतासभर चार्जिंगला बसायचं, भिकाऱ्यासारखं.”

“चहा प्यायला तुम्ही एरवीही तासभर बसता. पुढे?”

“एसी लावला की पल्ला घटतो. जाहिरातीतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यात नवरदेव आणि नवरा यांच्याइतका फरक असतो.”

“ते मला नका सांगू. मी एकतीस वर्षं चालवतेय.”

“टायर लवकर झिजतात. वजन असतं ना अंगात.”

“तुमच्याही चपला लवकर झिजतात. काढून टाकलं का मी तुम्हाला?”

एकदा ते म्हणाले, “आणि आवाज नाही. मुळात आवाजच नाही, तर दुखणं कळणार कसं?”

 पेन उचललेलं तसंच धरून तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून लिहू लागली. मेस्त्री बोलले होते त्याच्या दुप्पट लिहिलं असावं.

“एवढं काय लिहितेस?”

“माझं मी,” ती म्हणाली आणि वही मिटली. त्याच दिवशी दुपारी जाऊन तिने स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून बुकिंग केलं. फ्यूज तिच्या बाजूचा. “तुला कानाला लावायला काही उरणार नाही, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय,” तो म्हणायचा.

शोरूमचा फोन आला त्या संध्याकाळी मेस्त्री जुन्या डिझेल गाडीतून घरी आले. क्लच दाबून दाबून डावा गुडघा ठणकत होता. गाडी गल्लीत वळली की घराच्या भिंतीला हादरा बसायचा आणि ओट्याच्या कडेला ठेवलेले काचेचे पेले एकमेकांवर किणकिणायचे. पूर्वी हा आवाज दाराबाहेर कधी ऐकू यायचा नाही, कारण मेस्त्री गाडीतून उतरेपर्यंत दार उघडलेलं असायचं, आत आधण ठेवलेलं असायचं आणि तिची काहीतरी बडबड सुरू झालेली असायची. स्वतःच्या घराची बेल वाजवायची वेळ त्यांच्यावर येतच नसे.

नाही म्हणायला तीन वर्षांपूर्वी आठ दिवस ती वेळ आली होती. पेल्यांची ती किणकिण त्यांना सहन होत नसे. मेस्त्रीच्या घरात खडखड म्हणजे लाजेची गोष्ट. त्यांनी गॅरेजमधून रबराचा तुकडा कापून आणला, पेल्यांखाली घातला, आणि पेले एकमेकांपासून बोटभर लांब ठेवले. ते आठ दिवस दार बंद. बेल वाजवली तरी बंद. शेवटी खिडकीशी जाऊन दोन्ही हात हलवावे लागायचे, तेव्हा कुठे ती मशीनवरून मान वर करायची.

“अगं, किती वेळ बेल वाजवतोय!”

“मशीन चालू होती. नाही ऐकू आलं.”

नवव्या दिवशी रबर कचऱ्याच्या डब्यात होतं, पेले पुन्हा एकमेकांना चिकटून होते आणि दार उघडं होतं. बाईमाणसाच्या ओट्यात लुडबुड केली म्हणून रुसली होती, असा मेस्त्रींनी अर्थ लावला आणि पुन्हा पेल्यांना हात लावला नाही.

पावती मशीनच्या खणात, मापांच्या वहीतच निघाली. शेवटच्या पानात खुपसलेली. मेस्त्रींनी चष्मा लावला. पावती बाजूला ठेवून पान वाचलं.

‘नको’ची बाजू भरून वाहत होती. सगळे त्यांचेच शब्द, त्यांच्याच तोऱ्यात. ‘भिकाऱ्यासारखं’सुद्धा गाळलं नव्हतं. ‘घ्यावी’ची बाजू मात्र आखूड होती.

क्लच नाही. (गुडघा.)

धूर नाही. (खोकला. डॉक्टर दोनदा बोलले.)

बिघाड कमी. रविवारी गाडीखाली झोपणार नाहीत. घरात बसतील.

गुडघा, असं पुन्हा एकदा लिहून खाली रेघ मारली होती.

मेस्त्रींनी चष्मा काढून पुसला. पेट्रोल-डिझेलचे भाव, विजेचा दर, देखभालीचा खर्च, लोक ज्यासाठी ही गाडी घेतात त्यातलं एक अक्षर नव्हतं. मग ते ‘नको’च्या बाजूला सर्वांत खाली आले. तिथे बारीक अक्षरात, त्यांनी न सांगितलेलं एक होतं.

पेले हलणार नाहीत. हे आले ते मला कसं कळणार?

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग स्वतःच्या मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला.

“कॅन्सल केलीस का गाडी, बाबा?”

“करतो. आईने इथे काहीतरी लिहिलंय. पेले हलणार नाहीत म्हणून. आवाज नसला तर नसला, बेल आहे की दाराला.”





“बाबा, आईला ऐकू येत नव्हतं रे.”

“काय?”

“सहा-सात वर्षं. डावा कान तर पूर्णच गेला होता. उजव्याने थोडं, समोरचा मोठ्याने बोलला तर. ओठ बघून ओळखायची. तू गॅरेजच्या सवयीने ओरडूनच बोलतोस, त्यामुळे तिचं निभावलं.”

“मला कसं नाही सांगितलं?”

“शपथ घातली होती मला. म्हणाली, यांचं पोट कानावर चालतं. यांना कळलं तर रोज सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या डोक्याला लावून बसतील.” मुलगी हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. “यंत्र घे म्हटलं कानाचं. तर म्हणे, आधी गाडी होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी फ्यूजला घरी बोलावलं आणि जुन्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.

“गाडी घे. नाक्यापर्यंत जा, वळव आणि परत ये. नेहमीच्या वेगाने.”

“कशाला?”

“एक आवाज बघायचाय.”

आवाज म्हटल्यावर फ्यूजने पुढे विचारलं नाही. तो गेला. मेस्त्रींनी उशांसाठी तिने आणून ठेवलेला कापूस घेतला, दोन्ही कानांत बोळे घट्ट बसवले आणि मशीनसमोरच्या तिच्या स्टुलावर बसले. स्टूल त्यांना ठेंगणं होत होतं. समोर खिडकी, डाव्या हाताला ओट्याची कड, त्यावर ते पेले. त्यांनी तळवा ओट्यावर टेकवला. कामाच्या वेळी ती तसाच टेकवायची. ते त्यांना आत्ता आठवलं. टाका सुटला की मला कानाआधी बोटांना कळतं, असं ती एकदा म्हणाली होती. शिंप्याची फुशारकी म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ओट्याच्या दगडातून काहीतरी तळव्यात चढलं, मुंगी चालावी एवढंच. खिडकीत गाडीचा पत्ता नव्हता. पहिला पेला दुसऱ्याला टेकला. मग सगळेच थरथरू लागले, आणि त्यांच्यातलं उरलेलं पाणी गोल गोल हललं. मेस्त्रींनी मनात मोजायला सुरुवात केली. खिडकीत गाडीचं नाक दिसेपर्यंत ते चौदापर्यंत आले होते. उठून आधण ठेवायला आणि दार उघडायला एवढं पुरतं.

ते उठले नाहीत. तळवा तसाच ठेवून बसून राहिले. पेले थांबले.

काही वेळाने खिडकीत फ्यूज दिसला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होता. तोंड हलत होतं, शब्द येत नव्हते. मेस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. याच जागेवरून आठ दिवस ती त्यांना अशीच बघत आली होती.

त्यांनी बोळे काढले आणि दार उघडलं.

“चारदा बेल वाजवली!” फ्यूज घामाघूम झाला होता. माणूस आताच एकटा पडलेला, त्याच्या मनात नको नको ते येऊन गेलं असावं. “बहिरा झालास का?”

“कधीचाच,” मेस्त्री म्हणाले. “चल, चहा घे. मग शोरूमला जायचंय.”

“पावती सापडली?”

“सापडली. गाडी आणायचीय.”

शोरूमच्या मुलीने सगळी बटणं समजावून सांगितली. मेस्त्रींनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली आणि बॉनेट उघडायला सांगितलं. आत बघून बंद केलं. “झाकणं नुसती,” ते फ्यूजला म्हणाले. परतीच्या वाटेवर डावा पाय प्रत्येक सिग्नलला क्लच शोधत होता. निम्म्या वाटेत त्याने नाद सोडला आणि लांब होऊन पडून राहिला. गल्लीत वळताना भाजी निवडत बसलेल्या शेजारणीने मानसुद्धा वर केली नाही.

“बघ,” फ्यूज म्हणाला, “चोरासारखा आलास.”

दार बंद होतं. मेस्त्रींनी किल्लीने उघडलं. पेल्यांतलं पाणी स्थिर होतं.

याला आता चार महिने झाले. गुडघ्याला आराम आहे, हे मेस्त्री कबूल करतात. खोकलाही कमी आहे. पल्ला जाहिरातीपेक्षा कमीच भरतो, आणि ते वहीत तारखेनिशी ‘नको’च्या बाजूला चढलं आहे, त्यांचं अक्षर तिच्या अक्षराखाली फार गचाळ दिसतं. रविवारी गाडीखाली शिरावं असं काही निघत नाही, त्यामुळे ते घरात बसतात. मुलगी फोनवर विचारते, काय करतोस? बसलोय, असं सांगतात.

जुनी डिझेल गाडी कोपऱ्यावर उभी असते. पडून राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून रविवारी फ्यूज येतो आणि नाक्यापर्यंत तिला फिरवून आणतो. मेस्त्री तेव्हा आत, स्टुलावर असतात. पेले हलले की उठून आधण ठेवतात, आणि फ्यूजला बेल वाजवावी लागत नाही.

“बॅटरीसाठीच ना?” फ्यूजने एकदाच विचारलं.

“मग आणखी कशासाठी?”

दोन गाड्या पाळणं त्यांना परवडणारं नाही, हेही वहीत त्यांनी स्वतःच लिहिलंय. जुन्या गाडीला गिऱ्हाईक चांगलं आहे, दोनदा येऊन गेलं. विक्रीचे कागद तयार होऊन वहीच्या शेवटच्या पानात ठेवलेत. सही करायची राहिली आहे.