मुंगी शिरणार नाही अशी पेटी

बाबांनी आमच्या संग्रहालयासाठी केलेल्या लाकूड-काचेच्या पेटीत मुंगीही शिरली नसती. मी रजेवर असताना साहेबांनी त्यांना काम दिलं, आणि तेव्हापासून घरी एकच पालुपद, "ना खिळा, ना फट!" ती पेटी जणू त्यांची धाकटी लेकच झाली होती.

आणि त्याच पेटीत शिशाचा घोडा पांढरा पडत होता. बोटाएवढं खेळणं, कुणा लहानग्याच्या थडग्यातून निघालेलं. शतकानुशतकं मातीत धड राहिलं, आणि आमच्याकडे येताच कानावर पांढरी भुकटी! कोऱ्या लाकडातून आंबट वाफ निघते, ती शिसं खाते. शेजारच्या पेटीचं दार नीट बसत नव्हतं. तिच्यातली शिशाची नाणी मात्र ठणठणीत होती. वस्तू जपायची नोकरी माझी, म्हणून मी साहेबांकडे धावले.

"संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्‌घाटन होऊ दे, मग बघू," साहेब म्हणाले.

"तोवर कान गळून पडेल."

"आणि पेटी फोडताना नाही पडणार?"

पडला असता. न फोडता उघडायची खुबी एकट्या बाबांना ठाऊक. मी नाक मुठीत धरून फोन केला.

बाबा आले ते तणतणतच. "जन्मभर कपाटं केली. माझं लाकूड कुणाला चावलं नाही!"

"शिशाला चावतंय. फट असती तर वाफ निघून गेली असती."

"फट ठेवायला मी शिकाऊ आहे का?"

"शिकाऊ असतात तर घोडा वाचला असता, बाबा!"

बोलले आणि जीभ चावली. मला माझीच लाज वाटली.

बाबांनी कोपऱ्यातली पट्टी सरकवली. काच सुटली, आंबूस वास आला. त्यांनी तो ओळखला. "माझंच लाकूड," ते पुटपुटले.

मग ते घोड्यावर वाकले. पांढरी भुकटी दिसली आणि त्यांचे गाल फुगले. हाताखालचा भुसा फुंकून टाकायची सुताराची सवय!

ती भुकटी म्हणजे घोडाच होता, शिवाय विषारी. मी झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. फुंकर माझ्या तळहातावर फुटली, गरम.

कान जागेवर होता. बाबांनी हळूच माझा हात बाजूला केला. त्यांचे डोळे भरले होते.

"उचल तू," ते म्हणाले. "मी श्वास धरतो."

मी घोडा मऊ कागदावर घेऊन दूर टेबलावर ठेवला. मागे वळून पाहिलं, तर बाबा अजून श्वास धरूनच उभे होते.