तारामायाचा सांगावा

"तारामावशी, गोजराकाकू गेली. तिच्या माहेरी, केनवडवाल्यायले समजलं पाह्यजे. बातमी लावा लवकर."

फोनवर गणेश होता, गोजराबाईचा पुतण्या. त्याचा आवाज कोरडा होता. तारामायाला ते खटकलं. पण मयताच्या घरी उलटून विचारायचं नसतं, हे ती रिसोडातच शिकली होती. डोळे पुसत तिनं माइक ओढला.

नेपाळातून ती नवऱ्यामागं इथं आली, तेव्हा तो बाजारात रखवाली करायचा. तो गेल्यावर तिनं ऑटोवर भोंगा बांधला. हरवलेली म्हैस, गावातलं कीर्तन, कुणाची मयत, सगळं गल्लोगल्ली सांगत फिरली. मग भोंगा मोबाइलमध्ये शिरला, 'शीव' नावाचं चॅनल झालं, कॅमेरेवाली पोरं कामाला आली. मुलगी संस्कृती बातम्या वाचू लागली. मयत मात्र तारामायानंच सांगायची. 'गुरखीण बोलली म्हंजे खरं,' लोक म्हणत. आणि गोजराबाई तिला बघितलं की गायची,

दूरदेशीची गं मैना, माह्या आंब्यावर बोले
तिच्या बोलाच्या भरोशानं, दार माहेराचं खोले

तारामाया गोजराबाईच्या घरी पोचली तेव्हा केनवडच्या जीपा दारात होत्या. बाया ऊर बडवत उतरत होत्या. आणि गोजराबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती.

"रडा वो, लय रडा!" ती हसली. "डोक्यावर कावळा बसला माह्या. मेल्याचा खोटा सांगावा धाडला न् सोयरे रडले, का संकट टळते."

तारामाया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मले काहून नाही सांगतलं, बाई?"

"सांगतलं असतं त तू खरी रडली असती काय?"

सगळे हसले, चहा आला. गोजराबाईचा भाऊ जगदेव तेवढा हसला नाही. "सोयऱ्यायले रडवा ना! हिनं त साऱ्या तालुक्यात मारलं माह्या बहिणीले. परमुलखाची बाई, हिले काय समजते?"

कोपऱ्यातली एक म्हातारी पुटपुटली, "संकट टळत नसते बाप्पा. जिच्या तोंडून निंगालं, तिच्या दारी जाते."

चहा पिता पिता बायांनी तारामायापासून पदर आवरून घेतले.

तिनं चॅनलवर माफी मागितली. ती माफीच जास्त फिरली. लग्नांची कामं दुसरीकडं गेली. खऱ्या मयतीखालीही लोक विचारू लागले, 'कावळा काय वो?' बाजारात ती आली की बोलणं थांबायचं. दारावर कुणीतरी लिंबू ठेवून जायचं. संस्कृती ते पायानं लोटायची, पण आधी इकडं तिकडं बघून.

सोयाबीन निघालं आणि गणेश दारात उभा राहिला.

"मावशी... आता खरंच."

तारामाया आधी स्वतः बघायला गेली. गोजराबाईच्या कपाळावर हात ठेवला, गार लागलं. विधवा असूनही आपल्याच बोटांनी त्या सवाष्णीला हळदकुंकू लावलं. मग सांगावा दिला. पुन्हा दिला. तिरडीची ताटी बांधून झाली, केनवडचा रस्ता मोकळाच.

"जगदेवमामानं फोन कापला," गणेश म्हणाला. "म्हणे, आता नाही फसत."

गोजराबाईचे मालक नानाजी भिंतीला टेकून होते. "माहेरचं लुगडं आल्याबिगर कशी नेऊ हिले?"

तारामायानं माइक संस्कृतीच्या हाती दिला आणि केनवडची जीप पकडली.

जगदेव अंगणातच होता. "आली काय? आता कोणाले मारलं?"

शेजारची दारं उघडली, काही लागली. एका बाईनं लेकराला आत ओढलं. तारामाया बोलायला गेली. वर्षानुवर्षं साऱ्या तालुक्याला पुरलेली मराठी आता तिला सापडेना. तिनं चपला काढल्या, उंबऱ्याशी बसली आणि हंबरडा फोडला, तिच्या डोंगरातल्या भाषेत. तिची ती भाषा संस्कृतीनंही कधी ऐकली नव्हती.

अंगणात कुणाला एक शब्द कळला नाही.

जगदेव मयताच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या तिच्या बोटांकडं बघत राहिला. मग खाली बसला.

आत त्याच्या बायकोनं लुगड्यांची पेटी उघडली.