आठवीच्या वर्गातले बाक

मी सुतार. डुगडुगणारी खुर्ची दिसली की माझे हात शिवशिवतात, मग ती घरची असो की परक्याची. बायको म्हणते, तुम्हाला चारचौघांत न्यायची सोय नाही, बघावं तेव्हा टेबलाखाली. या खोडीनंच माझ्या लेकीचा घात केला.

आमच्या रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शाळा. ज्या भागातून जेवढा कर जमतो, तेवढाच पैसा तिथल्या शाळेला. पलीकडे दुकानं, बंगले, बँका. अलीकडे आम्ही. त्यामुळे पलीकडे दोन-दोन प्रयोगशाळा आणि अलीकडे आठवीच्या वर्गात छतातून पाणी. बरं, पोरीला पलीकडे घालावं म्हटलं, तर ते आधी पत्ता विचारतात.

यंदा आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरकारच्या खास निधीसाठी अर्ज केला. अगदीच दुबळ्या शाळांना तो मिळतो. मिळाला तर विज्ञानाचा शिक्षक येणार, नववी-दहावी टिकणार. नाही मिळाला तर पुढच्या वर्षापासून नववी बंद. माझी थोरली आठवीत, धाकटी पाचवीत.

"सोमवारी साहेब शाळा बघायला येणार आहेत," बाईंनी आम्हा पालकांना बजावलं. "जे जसं आहे तसंच दिसू दे. कृपा करून कुणी काही करू नका."

मी मान डोलावली. आणि रविवारी सकाळी शिपायाकडून किल्ली घेऊन थोरलीच्या बाकावर जाऊन बसलो. बाक कलला. शेजारच्याची फळी हातात आली. उद्या परका माणूस येणार आणि माझ्या पोरीला या मोडतोडीत बसलेली बघणार? सुताराच्या पोरीला? डोकंच फिरलं माझं.

सोमवार उजाडेपर्यंत बावीस बाक ठोकून घट्ट केले, रंधा मारला, पॉलिश केलं. छताला आतून फळ्या मारल्या, ओलीचे डाग झाकले गेले. वर्ग बघून मलाच भरून आलं.

सोमवारी मोठ्या बाईंनी दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. साहेब मागेच उभे. त्यांनी बाकावरून हात फिरवला. "छान ठेवलीय हो शाळा!"

"अहो, हे सगळं कालच..." बाई सांगू लागल्या.

"बाई, मी दिसतं ते लिहितो."

मी दारात उभा होतो आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली होती. गाढव मी!

महिन्याभरात पत्र आलं. स्थिती समाधानकारक, निधीची आवश्यकता नाही, पुढील तपासणी तीन वर्षांनी. बाईंनी ते माझ्या हातात ठेवलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी साहेबांच्या कचेरीत गेलो. म्हटलं, "साहेब, ते मी केलं, पदरच्या लाकडानं. छत अजून गळतंय."

साहेब खूश झाले. "म्हणजे पालकांचा सहभागही उत्तम! तेही नोंदवतो."

अंगाची लाही लाही झाली.

पुढच्याच आठवड्यात मला पलीकडच्या शाळेत काम लागलं. तिथे सगळे बाक बदलायचे होते. जुने बहुतेक धडधाकट, मागच्या अंगणात रचून ठेवलेले. "हवे तर घेऊन जा," तिथले लोक म्हणाले. धाकटीच्या वर्गासाठी म्हणून मी सहा बाक हातगाडीवर चढवले आणि रस्ता ओलांडला. आमच्या फाटकाशी थोरली उभी होती. ती गाडीच्या आडवी आली.

"बाबा, नको आणूस."

"अगं, आपल्यापेक्षा कितीतरी चांगलेत."

"म्हणूनच नको. माझं तर गेलं. तीन वर्षांनी साहेब परत येतील, तेव्हा धाकटी आठवीत असेल. तिची नववी तरी उघडू दे."

मला तिच्याकडे बघवेना. मी गाडी फिरवली. वरच्या बाकाचा पाय सारखा डुगडुगत होता. मी हात लावला नाही.