दारापाशी ठेवलेला लाकडी पाय

मित्रांनो, मी एका लहान मुलीचा डावा पाय आहे. दचकू नका, मी लाकडाचा आहे. बूट शिवणारे मला कलबूत म्हणतात. माझ्यावर चामडं ओढायचं, ठोकायचं, शिवायचं आणि मग मला बाहेर काढून बूट ज्याचा त्याला द्यायचा, एवढंच माझं काम. मी आतल्या बाजूला वळलेला आहे. ही माझी खोड नव्हे. ज्या मुलीसाठी मला घडवलं, तिचा पाय तसाच होता.

तिचे वडील बूट शिवायचे; गाव त्यांना काका आणि तिच्या आईला काकू म्हणायचं. वाकड्या पायांचे बूट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. मुलगी ते बूट घालून शाळेत पळत जायची. सातव्या वर्षी ती तापानं गेली. पुढे कितीतरी दिवस तिची आई मला उशाशी घेऊन झोपायची.

उतारवयात काकांनी दुकानावरची खोली विकली आणि पैसे गावच्या लोकनिधी संस्थेत ठेवले. लोकांनी दिलेला पैसा ही संस्था सांभाळते आणि देणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे त्याचं व्याज वाटते. काकांची इच्छा होती, मुलीच्या नावानं वाकड्या पायांच्या गरीब मुलांना बूट मिळावेत. बोलणी झाली तेव्हा मी टेबलावरच होतो.

“अट जरा सैल ठेवा, काका,” संस्थेच्या बाई म्हणाल्या. “नुसतं ‘बूट’ म्हणू या.”

“कारखान्यातला बूट म्हणजे पत्र्याचा डबा. माझ्या पोरीच्या नावानं डबे वाटायचे नाहीत. लाकडावर चढवून हातानं शिवलेलाच बूट द्यायचा.”

“अहो, त्या काय म्हणतात ते ऐका तरी,” काकू म्हणाल्या.

“तुला यातलं काय कळतं?”

काकूंनी सहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. मी मात्र आतल्या आत फुगलो होतो.

पहिली काही वर्षं छान गेली. काका स्वतः शिवायचे, मुलं यायची, लोक तोंडभरून कौतुक करायचे. मग अर्धांगवायूनं काकांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. बाई धावत घरी आल्या. “काका, अट बदलू का? नुसती मान हलवा,” त्या म्हणाल्या. काका माझ्याकडे बघत राहिले. मान हलली नाही. नको म्हणाले की जमलंच नाही, ते काकूंनाही कळलं नाही. थोड्याच दिवसांत ते गेले.

हातानं बूट शिवणारा दुसरा कोणी सापडला नाही. एक होता, त्यानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मला पॉलिश करून संस्थेच्या दारापाशी काचेच्या कपाटात ठेवलं. खाली मुलीच्या नावाची पाटी आहे.

“पैसा पडून आहे आणि पोरं लंगडत चाललीत,” काकू बाईंना म्हणाल्या.

“मला दिसत नाही का, काकू? पण गेलेल्या माणसाची अट आम्ही मोडली, तर उद्या आमच्यावर विश्वास कोण ठेवील?”



परवा काकू शेजारच्या मुलीला घेऊन आल्या. तिनं मला कपाटातून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि शेजारी आपला तसाच आत वळलेला डावा पाय टेकवला. अंगठ्यापासून टाचेपर्यंत तंतोतंत. “आजी, हा माझाच आहे,” ती म्हणाली. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाईंनी मला पुसून परत जागेवर ठेवलं.

मित्रांनो, कुणाला काही द्याल तेव्हा ते हातातून पूर्ण सोडा. ते कसं वापरायचं, हे पुढच्यांना ठरवू द्या. मला आता काही बदलता येत नाही. मी लाकूड आहे, आहे तेवढाच राहणार. ती मुलगी मात्र वाढते आहे. पुढच्या वर्षी ती आली, तर मीही तिला पुरणार नाही.